तीन आठवडे झाले, क्लासमध्ये काहीच डोक्यात शिरत नाहीये, सोडून देऊ का?

पत्र थोडक्यात असं आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची २३ वर्षांची मुलगी, बीएस्सी केमिस्ट्री झालेली. एक वर्ष घरी थांबून मग पुण्यात आली, कॉट बेसिसवर राहते आणि एका सॉफ्टवेअर ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये जावा फुल स्टॅकचा, म्हणजे जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत वेबसाइटचा पुढचा-मागचा दोन्ही भाग बनवायचा, सहा महिन्यांचा कोर्स लावलाय. फी ४५ हजार. त्यातले २० हजार वडिलांनी सोयाबीन विकून भरले, उरलेला हप्ता ३० तारखेला आहे. बॅचमध्ये ४० जण, त्यातले बरेच कॉम्प्युटर इंजिनिअर. सर बोर्डवर कोड लिहितात तेव्हा समजतं, पण रूमवर येऊन रिकामी फाईल उघडली की एक ओळ सुचत नाही. स्टारचा त्रिकोण काढायची असाइनमेंट तिने मैत्रिणीकडून व्हॉट्सॲपवर घेऊन जमा केली. सर 'एनी डाउट?' विचारतात तेव्हा ती गप्प बसते. वडील रोज फोनवर विचारतात, ती 'चांगलं चाललंय' म्हणते. मामा म्हणतात बीएड कर. तिचे प्रश्न असे: माझं डोकं या लाइनसाठी नाहीच का, इंग्रजी कच्चं असताना हे जमतं का, दुसरा हप्ता भरायच्या आधीच सोडलेलं बरं का, आणि घरी काय सांगू?

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन होतं आणि 'समजत नाही' हे शब्द जिथे जिथे आले तिथे खूण करत गेले, आठ वेळा आलेत. पण नेमकं काय समजत नाही हे तू एकदाच सांगितलंयस, तो त्रिकोण. बाकी सगळीकडे नुसतं समजत नाही, समजत नाही. मला वाटतं तुझा अर्धा त्रास तिथेच आहे, कारण एवढ्या मोठ्या 'समजत नाही'चं कुणीच काही करू शकत नाही, तूही नाही, सरही नाही आणि मीही नाही. ते फोडून बारीक करावं लागेल, तेवढं आपण आज करू.

आधी डोक्याचं बोलू. सर लिहितात तेव्हा समजतं आणि रूमवर सुचत नाही, यावरून तू ठरवलंयस की डोकं कमी पडतंय. तू केमिस्ट्रीची आहेस ना, मग एफवायला पहिलं टायट्रेशन केलंस तो दिवस आठव. मॅडमनी डेमो दाखवला तेव्हा किती सोपं वाटलं होतं, ब्युरेट उघडायचा, फ्लास्क हलवायचा, गुलाबी झालं की थांबायचं. आणि स्वतः केलंस तेव्हा? एकदम गडद गुलाबी, एंड पॉइंट कधीच मागे गेलेला. मग परत भरा, परत करा, असं करत करत तीन रीडिंग जुळली तेव्हा कुठे जर्नलमध्ये सीबीआर, म्हणजे जुळलेलं ब्युरेट रीडिंग, लिहिला असशील. त्या दिवशी तू स्वतःला असं म्हणालीस का, की माझं डोकं केमिस्ट्रीसाठी नाही? नसशील म्हणालीस, कारण पहिलं रीडिंग चुकतं हे लॅबमध्ये सगळ्यांनाच माहीत असतं, त्याला नावच 'पायलट रीडिंग' आहे. प्रोग्रामिंगच्या क्लासमध्ये हे कुणी सांगत नाही एवढाच फरक आहे गं. तिथे सर आधीच शंभर वेळा लिहिलेला कोड न अडखळता बोर्डवर लिहितात आणि आपल्याला वाटतं कोड असाच लिहायचा असतो, वरून खाली, एका दमात. कुणीच तसं लिहीत नाही. मी इतकी वर्षं हेच काम करतेय, माझाही कोड पहिल्या वेळेला धड चालत नाही आणि माझ्या टीममध्ये कुणाचाच चालत नाही.

म्हणजे तीन आठवड्यात तू बघितलंयस भरपूर, केलं मात्र जवळजवळ काहीच नाहीयेस. हे मी रागावून म्हणत नाहीये, तुझ्या पत्रातच आहे ते, रोज दोन तास लेक्चर, एक तास लॅब आणि त्या लॅबमध्ये बोर्डवरचं उतरवून काढायचं. उतरवताना बोटं चालतात पण डोकं बसून असतं.

आता ते ४० जण. तू लिहिलंयस की सगळ्यांना येतं, मलाच येत नाही. ज्यांचं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग झालंय त्यांनी फॉर लूप, म्हणजे तेच काम परत परत करून घेणारा कोड, चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाहिलाय, सी मध्ये पाहिला, मग सी प्लस प्लसमध्ये पाहिला, परीक्षेत लिहिला, काहींनी त्यात केटीपण लावून घेतली आणि परत लिहिला. तू तो पहिल्यांदा पाहिलास तीन आठवड्यांपूर्वी. त्यांच्याशी तुलना करून निघणारं उत्तर चुकीचंच असणार. आणि दुसरं, ते 'सगळे' गप्प बसलेले आहेत ना, तुझ्यासारखेच? मग त्यांना येतं हे तुला कळलं कसं? तुझ्याकडे बघून बाकीच्यांनाही वाटत असेल, हिला येतंय बरं का, असाइनमेंट वेळेवर जमा झालीये.

माझंच सांगते. २००३ साली मी साताऱ्याहून पुण्यात आले आणि असाच एक क्लास लावला, तेव्हा सी भाषेत प्रोग्राम लिहायला टर्बो सी ची निळी स्क्रीन असायची. पहिला प्रोग्राम लिहिला, तो चालवायला कंट्रोल एफ ९ दाबलं, स्क्रीन काळी होऊन क्षणात परत निळी झाली. काहीच दिसलं नाही. मला वाटलं चुकलंय. सगळं पुसून परत लिहिलं, परत तेच. दोन दिवस मी तो चार ओळींचा प्रोग्राम लिहीत आणि पुसत होते, शेजारच्यांची स्क्रीन चोरून बघत होते, एक एक अक्षर जुळवून, आणि तिसऱ्या दिवशी लॅब सांभाळणाऱ्या दादाला विचारायची हिंमत झाली. त्याने उभ्या उभ्या आल्ट आणि एफ ५ दाबलं, आणि माझं आउटपुट तिथेच होतं, पहिल्या दिवसापासून बरोबर आलेलं, फक्त ती स्क्रीन माझ्यासमोर थांबत नव्हती. ते दोन दिवस मला अजून आठवतात. विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं, आणि त्या दोन दिवसात मी मनाने जवळजवळ साताऱ्याला परत गेले होते.

म्हणून त्रिकोणाकडे येऊ, कारण तोच तुझा आल्ट एफ ५ असू शकतो. लॅपटॉप बंद ठेव आणि वही घे. लहानपणी ठिपक्यांची रांगोळी काढलीयस ना, तेच आहे हे. पाच ओळी, पहिल्या ओळीत एक ठिपका, दुसऱ्या ओळीत दोन, पाचव्या ओळीत पाच. आता स्वतःलाच विचार की मी हाताने काय करतेय? मी एका ओळीवर जाते, त्या ओळीचा नंबर असेल तेवढे ठिपके देते, आणि ओळ संपली की खाली सरकते. झालं, एवढाच प्रोग्राम आहे. 'एका ओळीवर जाते' हा बाहेरचा लूप, त्याच्या फेऱ्या मोजणारा तो आय. 'तेवढे ठिपके देते' हा आतला लूप, त्याच्या फेऱ्या मोजणारा तो जे, आणि तो आयपर्यंतच जातो. 'खाली सरकते' म्हणजे प्रिंटएलएन, जो आतल्या लूपचा कंस बंद झाल्यावर पण बाहेरच्याचा कंस बंद व्हायच्या आधी येतो. मग वहीत दोन रकाने आख, आय आणि जे, आणि प्रत्येक फेरीला त्यांची किंमत काय झाली ते लिहीत जा. याला ड्राय रन म्हणतात, तुमच्या सरांनी हा शब्द वापरला असेल पण कुणी करून घेतला नसेल, आणि खरं तर पहिल्या दोन महिन्यांत याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही.

मग फाईल उघड आणि स्वतः टाइप कर. चुकणारच. बहुतेक करून तू प्रिंटएलएन आतल्या लूपमध्येच टाकशील आणि त्रिकोणाच्या जागी एकाखाली एक १५ स्टार येतील, एका उभ्या रेषेत. तेव्हा घाबरून मैत्रिणीचा कोड उघडू नकोस. १५ का आले ते बघ. एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार अधिक पाच, म्हणजे स्टार बरोबर मोजलेस, फक्त खाली सरकायची जागा चुकली. हे ज्या मिनिटाला तुझं तुला कळेल ना, त्या मिनिटाला तुला लूप आला असं समज, त्याआधी लेक्चरमध्ये कितीही वेळा मान हलवली असलीस तरी.

आणि लाल अक्षरं आली की फाईल बंद करतेस असं लिहिलंयस, ते थांबव. तो एरर तुला ओरडत नाहीये, पत्ता सांगतोय. त्यात फाईलचं नाव असतं, मग ओळीचा नंबर असतो, मग काय चुकलं ते असतं आणि खाली ती ओळ छापून चुकलेल्या जागेखाली एक छोटं टोपीसारखं चिन्ह असतं. 'कॅनॉट फाइंड सिम्बॉल' आलं तर निम्म्या वेळा स्पेलिंग किंवा कॅपिटल-स्मॉलची चूक असते, जावाला स्ट्रिंगचा एस मोठाच लागतो, छोटा लिहिलास तर तो त्या शब्दाला ओळखतच नाही. सेमीकोलन विसरलीस तर तसं स्पष्ट लिहून येतं. 'रीच्ड एंड ऑफ फाईल व्हाइल पार्सिंग' हा मात्र फसवतो, तो फाईलच्या शेवटच्या ओळीकडे बोट दाखवतो पण चूक वर कुठेतरी असते, महिरपी कंस बंद करायचा राहिलेला असतो. तू एक वेगळी वही कर, डाव्या बाजूला एरर जसाच्या तसा, उजव्या बाजूला तो कशाने गेला. महिनाभरात तुझ्या लक्षात येईल की तेच ते आठ-दहा एरर फिरून फिरून येतायत. ही वही तुझ्या मैत्रिणीच्या व्हॉट्सॲपपेक्षा कितीतरी जास्त कामाची आहे, इंटरव्ह्यूला जाताना तीच चाळून जा.

चॅटजीपीटीचंही याच ओघात सांगते कारण हल्ली प्रत्येक पत्रात तो येतोच. वापर, पण पहिले दोन-तीन महिने त्याच्याकडून कोड लिहून घेऊ नकोस. एरर पेस्ट करून 'याचा अर्थ मराठीत सांग, कोड देऊ नकोस' असं म्हण, तो सांगतो. कोड घेतलास तर परत ते उतरवणंच झालं, फक्त मैत्रिणीच्या जागी मशीन आलं.

आता विचारण्याबद्दल. 'एनी डाउट?' ला ४० जणांसमोर हात वर करणं खरंच अवघड आहे, आणि मी तुला ते उद्यापासून कर असं म्हणणार नाही. तुझा प्रश्न घडायला वेळ लागतो, आणि लेक्चर संपताना तो तयार नसतो. तो रात्री अकराला रूमवर तयार होतो. तो तेव्हाच लिहून ठेव, पण 'सर, लूप समजला नाही' असा नको. असा लिही, 'सर, कोडच्या सातव्या ओळीनंतर मला पाच स्टार यायला हवे होते, चारच आले, मी ड्राय रन केला त्यात आय चारवरच थांबतोय, असं का?' अशा प्रश्नाला उत्तर द्यायला शिकवणाऱ्याला एक मिनिट लागतं आणि त्याला आनंदही होतो, मी स्वतः काही वर्षं शनिवार-रविवार शिकवलंय म्हणून सांगते, असा प्रश्न घेऊन येणारी पोरं लक्षात राहतात. लॅबमध्ये असिस्टंट असेल त्याला गाठ, सरांना लेक्चरच्या आधी पाच मिनिटं गाठ. आणि मराठीत विचार. पुण्यातल्या क्लासमध्ये शिकवणाऱ्याला मराठी कळतं, नसेल तर मोडक्या हिंदीत विचार.

त्यावरून इंग्रजी. इथे तू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यास. कोड लिहायला लागणारं इंग्रजी फार थोडं आहे, जावाचे राखीव शब्द मोजून पन्नासच्या आसपास, त्यातले रोजच्या वापरातले वीस-पंचवीस. ते तुला तीन आठवड्यांत येऊन गेलेत सुद्धा. इंटरव्ह्यूत बोलायचं इंग्रजी हा खरा प्रश्न आहे, पण तो आजचा नाही, चार महिन्यांनंतरचा आहे आणि त्याची तयारी आजपासून रोज दहा मिनिटांत होते. आज लिहिलेला प्रोग्राम फोनवर रेकॉर्डिंग लावून इंग्रजीत समजावून सांग, फर्स्ट आय टुक अ लूप, देन आय प्रिंटेड, एवढंच, व्याकरण गेलं खड्ड्यात. पंधरा दिवसांनी पहिलं रेकॉर्डिंग ऐक. आणि लेक्चरमधलं इंग्रजी सुटत असेल तर तोच विषय आधी मराठीतून ऐकून जा, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात असे छोटे छोटे धडे फुकट आहेत, जावाचेही आहेत, आणि बऱ्याच धड्यांना मराठी आवाज दिलेला आहे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स आहेत, तीही फुकट, पण ती थोडी पुढे गेल्यावर बघ.

इतका वेळ मी सगळं तुझ्याबद्दल बोलले, आता क्लासबद्दल बोलते, कारण 'समजत नाही' यात चूक नेहमी शिकणाऱ्याचीच असते हे गृहीत धरायचं काही कारण नाही. काही क्लास खरंच चांगले असतात, आणि काही ठिकाणी डेमो लेक्चरला एक सर असतात, बॅच सुरू झाली की दुसरेच येतात. तुझ्या पत्रावरून तुझा कुठला ते मला सांगता येत नाही, पण तुला बघता येईल. तुझा कोड कुणी वाचतं का? तू उतरवलेली असाइनमेंट जमा केलीस आणि कुणालाच कळलं नाही, म्हणजे बहुतेक वाचत नाहीत, हे मला खटकलंय. लॅबमध्ये प्रत्येकाला मशीन मिळतं का, की दोघीत एक? मागच्या बॅचच्या दोन मुलांशी बोलता येईल का असं ऑफिसमध्ये विचार, आणि त्यांनी दिलेल्या नंबरांव्यतिरिक्त लिंक्डइनवर तुझी तू दोघं-तिघं शोधून काढ, त्यांना एकच विचार, लागायला किती महिने लागले. भिंतीवरच्या फोटोंपेक्षा या दोन फोनवर माझा जास्त विश्वास आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॅच रिपीट करता येते का ते विचार. पुष्कळ ठिकाणी पुढच्या बॅचमध्ये तोच विषय फुकट किंवा थोड्या पैशांत परत बसू देतात पण स्वतःहून सांगत नाहीत. तुझ्या बाबतीत मला हाच रस्ता बरा वाटतो, म्हणजे चालू बॅच सोडायची नाही आणि जी नवी बॅच सुरू होईल त्यात पहिला महिना, फक्त कोअर जावाचा, म्हणजे पायाचा भाग, परत बसायचं. त्याच गोष्टी दुसऱ्यांदा ऐकताना तू वेगळीच मुलगी असशील.

पैशांचं. तू लिहिलंयस, आत्ता सोडलं तर वडिलांचे २० हजार बुडतील. ते २० हजार बहुतेक गेलेत गं, तू क्लासात राहिलीस तरी आणि सोडलंस तरी. म्हणून त्यांच्याकडे बघून ठरवू नकोस, पुढचे २५ हजार आणि पुढचे पाच महिने यांच्याकडे बघून ठरव. पावती आहे ना? ऍडमिशनच्या वेळी सही केलेला कागद आहे ना? तो काढ आणि रिफंडचं काय लिहिलंय, प्लेसमेंटचं काय लिहिलंय ते शब्दनशब्द वाच, 'प्लेसमेंट असिस्टन्स' आणि 'जॉब गॅरंटी' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या हप्त्याची मुदत पंधरा दिवस वाढवून माग, ईमेलवर माग, तोंडी नको. तुझ्यासारखं पत्र लिहिणाऱ्या बाकीच्यांसाठीही सांगते, फी जर फायनान्स कंपनीकडून ईएमआयवर केली असेल तर नीट बघा, ते बऱ्याचदा तुमच्या नावावरचं कर्ज असतं, क्लास सोडला म्हणून ते थांबत नाही आणि हप्ता चुकला की सिबिलला लागतं. आणि नोकरीची खात्री म्हणून पैसे घेतले आणि शब्द फिरवला असं झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५, तिथे तक्रार नोंदवता येते. कोचिंगवाल्यांच्या खोट्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्यात.

एक गोष्ट मात्र अशी आहे की ती कानावर आली तर तिथे दुसरा हप्ता भरूच नकोस. कोर्स संपत आला की काही ठिकाणी हळूच सांगतात, फ्रेशर म्हणून कोण घेतंय, आपण दोन वर्षांचा एक्सपिरियन्स लावू. पोरं घाबरलेली असतात, घरून पैसे आलेले असतात, हो म्हणतात. पुढे कंपनीत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं, पीएफचा रेकॉर्ड बघतात, त्यात ती दोन वर्षं दिसत नाहीत आणि रुजू झालेल्या माणसाला घरी पाठवतात. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय, कॉम्प्युटर उघडाच ठेवून मुलगा रडत खाली गेला होता, काम चांगलं करत होता गं तो.

बाजाराबद्दल तुला गोड बोलून फसवणार नाही. फ्रेशरना आत्ता सोपं नाहीये, सहा महिन्यांचा कोर्स झाला की सातव्या महिन्यात पगार असं धरून चालू नकोस, वर्ष धर. पण तू तुझ्या बीएस्सीकडे वाया गेलेली तीन वर्षं म्हणून बघतेस ते मला अजिबात पटलेलं नाही. औषध कंपन्यांच्या क्वालिटी लॅबमध्ये सॅम्पल कुठून आलं, कुठली टेस्ट झाली, रिझल्ट काय, सही कुणाची, हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात, लिम्स म्हणतात त्याला. ते बनवणाऱ्यांना आणि टेस्टिंग करणाऱ्यांना औषधाची बॅच म्हणजे काय, स्टँडर्ड सोल्युशन म्हणजे काय हे समजणारी माणसं लागतात, आणि तुझ्या क्लासमधल्या त्या कॉम्प्युटर इंजिनिअरना ते समजावून सांगायला आठवडा जाईल, तुला दोन वाक्यं पुरतील. कोर्सच्या शेवटी प्रोजेक्ट करायला लावतील तेव्हा सगळे लायब्ररी मॅनेजमेंट आणि हॉटेल बुकिंग करतील, तू छोट्या लॅबच्या सॅम्पल नोंदणीचं कर. आणि समजा सहा-आठ महिन्यांनी तुला वाटलंच की दिवसभर स्क्रीनसमोर बसणं आपलं नाही, तर कुरकुंभसारख्या एमआयडीसीत लॅबची कामं आहेत, ती तेव्हाही असतील. मामांचं बीएडही वाईट नाही, पण ते तुला शिकवायला आवडतं म्हणून कर, इथून पळ काढायला नको.

वडिलांना काय सांगायचं. खरं सांग. 'चांगलं चाललंय' हे रोज म्हणताना तुला किती जड जातंय ते पत्रात दिसतंय, आणि बापाला फोनवरच्या आवाजावरून कळतंच, ते बोलून दाखवत नाहीत एवढंच. फक्त 'मला जमत नाही' असं रडत सांगू नकोस, त्याचा अर्थ ते 'पैसे गेले, पोरगी परत येतेय' असा घेतील. असं सांग, पप्पा, पहिला महिना जड गेला, बाकीची मुलं आधी शिकून आलीत, मी पहिला भाग परत बसून करणार आहे, त्याला दोन महिने जास्त लागतील. ज्या माणसाने कधी ना कधी पाऊस दगा देऊन गेल्यावर दुबार पेरणी केली असेल त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. दोन महिन्यांचं मेसचं आणि रूमचं वाढीव किती होईल तो आकडा आधी काढ आणि फोनवर तोही सांग, त्यांना तयारी करता येईल.

आता ३० तारखेपर्यंतचं ठरवू. आजपासून लेक्चर झालं की झोपायच्या आधी दीड तास, रिकामी फाईल, बोर्डवरचं काही समोर नाही. पहिले तीन-चार दिवस फक्त त्रिकोण, सरळ, मग उलटा, मग आकड्यांचा. मग एक ते शंभरमधले सम आकडे, मग पाच विषयांच्या मार्कांची सरासरी. ओओपी, म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग, चालू झालंय म्हणालीस, लेक्चरला बस, लिहून घे, पण रात्री त्याच्या मागे लागू नकोस, तू मागून येतेयस आणि मागून येणाऱ्याने पळत सुटलं की परत धाप लागते. मैत्रिणीला सांग की आठवडाभर मला कोड पाठवू नकोस, उलट ती तयार असेल तर दोघी मिळून एका वहीवर ड्राय रन करा, तिलाही येत नसण्याची शक्यता बरीच आहे. आणि रोज एक, फक्त एक प्रश्न लिहून नेऊन कुणाला तरी विचारायचा.

२७ तारखेला बसून बघ. कुणाचं न बघता पाच छोटे प्रोग्राम लिहिता येतायत का, चुकत माकत का होईना? आणि क्लासने तुझ्या प्रश्नांना उत्तरं दिली का, रिपीटचं, मुदतीचं ईमेलवर लिहून दिलं का? दोन्हीला हो असेल तर हप्ता भर. प्रोग्राम येतायत पण क्लासवाले टाळाटाळ करतायत असं असेल तर क्लास सोड, शिकणं सोडू नकोस, स्वस्तात दुसरीकडे किंवा फुकटच्या लेक्चर्सवरही कोअर जावा होतं. आणि दीड तास मनापासून रोज बसूनही, प्रश्न विचारूनही तुला त्यात जराही गोडी लागली नाही, प्रोग्राम चालला तरी आनंद झाला नाही, तर मग सोडायचा विचार कर, आणि तेव्हा मला वाईट वाटणार नाही, तूही वाटून घेऊ नकोस.

मला परत लिही. त्या पत्रासोबत त्रिकोणाच्या ड्राय रनच्या पानाचा फोटो पाठव, आय आणि जेचे रकाने आखलेला, खाडाखोड तशीच ठेव.